डोळ्यांची साक्ष, दप्तराचा द्रोह

'खऱ्या-खोट्यांत चार बोटांचे अंतर' असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. कानाने ऐकले ते खोटे, डोळ्याने पाहिले ते खरे, आणि कान व डोळा यांच्यामध्ये अंतर काय ते चार बोटांचे! नित्याच्या व्यवहारात हा दंडक ठीक आहे. परंतु एखाद्या माणसाला फाशी द्यावयाची की नाही, याचा निर्णय जेथे व्हावयाचा असतो, तेथे तो पुरा पडत नाही. कारण डोळाही चुकतो. आणि कानापेक्षा अधिक ठामपणे चुकतो. ऐकीव गोष्ट सांगणारा मनुष्य निदान 'म्हणे' हा शब्द मध्ये घालतो. पाहिलेली गोष्ट सांगणारा तो घालीत नाही. ज्यांनी कधी वर्गावर उभे राहून 'शाई कोणी सांडली?' असा साधा प्रश्न मुलांना विचारला असेल, त्यांना हे सांगावयास नको. दहा मुले डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट शपथेवर सांगतात, आणि दहांपैकी चार वेगवेगळ्या मुलांकडे बोट दाखवितात. त्यांतील एकही खोटे बोलत नसतो.

प्रश्न वर्गातल्या शाईचा असतो तोवर गुरुजी हसून फळा पुसतात. प्रश्न खुनाचा असतो तेव्हा बोट ज्याच्याकडे वळले त्याचे आयुष्य पुसले जाते. आणि तेथेच खरा प्रश्न उभा राहतो. साक्षीदाराचा डोळा चुकला, तर ती मानवी चूक होय. तिची कीव करावी, तिच्यापासून सावध राहावे. परंतु डोळा चुकला आहे, किंवा त्याने आधी दुसऱ्याच कोणाला ओळखले होते, हे ज्यांच्या दप्तरात नोंदलेले आहे, त्यांनीच ते दप्तर बांधून ठेवले तर? त्याला चूक हे नाव देता येणार नाही. तो न्यायासनाशी केलेला द्रोह आहे. चूक आणि द्रोह यांतील हा भेद आपल्या कायद्यात, आपल्या पोलिस ठाण्यांत आणि आपल्या लोकमतात अद्याप पुरेसा रुजलेला नाही, म्हणून आज या स्थळी त्याचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

हा भेद ज्या एका प्रकरणाने जगापुढे लख्ख मांडला, ते स्कॉटलंडमधील ऑस्कर स्लेटरचे प्रकरण होय. २१ डिसेंबर १९०८ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास ग्लासगो शहरातील वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरील एका घरात मॅरियन गिलख्रिस्ट या ऐंशी उलटलेल्या अविवाहित, श्रीमंत वृद्धेचा डोके ठेचून खून झाला. तिची मोलकरीण हेलन लॅम्बी दहा मिनिटांपुरती वर्तमानपत्र आणावयास बाहेर पडली होती. खालच्या मजल्यावरील अॅडम्स नावाच्या शेजाऱ्याने धडधड ऐकली व तो वर येऊन दारावरची घंटा वाजवीत राहिला. तोच लॅम्बी परतली. तिने दार उघडले, तेव्हा एक मनुष्य आतल्या खोलीतून शांतपणे बाहेर आला, दोघांच्या जवळून गेला आणि जिना येताच बाणासारखा खाली पळाला. अॅडम्सच्या डोळ्यांवर त्या वेळी चष्मा नव्हता. रस्त्यावर सामान पोहोचविणारी एक चौदा वर्षांची मुलगी म्हणाली की, दिव्याच्या खांबापाशी एक धावता मनुष्य तिच्या अंगावर आदळला. इतकीच काय ती डोळ्यांची साक्ष. मोलकरणीने सांगितलेला पोशाख आणि मुलीने सांगितलेला पोशाख एकमेकांशी इतके जुळेनात की, पोलिसांनी आरंभी ही दोन वेगळ्या माणसांची वर्णने आहेत असे समजून शोध चालविला.

घरात सुमारे तीन हजार पौंडांचे दागिने होते. त्यांतील चंद्रकोरीच्या आकाराचा हिऱ्यांचा एक ब्रूच तेवढा गेला होता, आणि कागदपत्रांची पेटी फोडलेली होती. चार दिवसांनी खबर आली की, स्लेटर नावाचा एक जर्मन यहुदी अशाच एका ब्रूचची गहाणाची पावती विकू पाहत आहे. पोलिस धावले. तोवर स्लेटर आपल्या सोबतिणीसह लिव्हरपूलहून 'लुसिटानिया' जहाजाने अमेरिकेस निघून गेला होता, आणि तोही दुसऱ्या नावाने. पळाला तो अपराधी, हे समीकरण सर्वांनाच सोपे वाटले. वास्तविक तो अमेरिकेस जाण्याच्या गोष्टी खुनाच्या आधीपासून आपल्या परिचितांशी बोलत होता. आणि ज्या ब्रूचमुळे त्याचे नाव या प्रकरणात आले, तो त्याने १८ नोव्हेंबरला, म्हणजे खुनापूर्वी महिनाभर, गहाण टाकलेला होता. तो गिलख्रिस्टबाईंचा नव्हताच! जो धागा धरून पोलिस स्लेटरपर्यंत पोहोचले, तो धागा पोहोचताक्षणीच तुटला. परंतु माणूस हाती लागला होता. धागा तुटला म्हणून माणूस सोडावयाचा, एवढे मोठे मन त्या दप्तराला नव्हते.

मग ओळख पटविण्याचे काम सुरू झाले. मोलकरीण, मुलगी आणि अॅडम्स यांस न्यू यॉर्कला नेण्यात आले. दोघी एकाच जहाजातून, एकाच खोलीत राहून गेल्या. त्यांना स्लेटरचे छायाचित्र आधी दाखविण्यात आले. न्यायालयाच्या ओसरीतून दोन अधिकाऱ्यांच्या मध्ये चालत तो त्यांच्या समोरून गेला. एवढे झाल्यावर आत त्यांना विचारण्यात आले की, तो मनुष्य येथे आहे काय? लॅम्बीने न्यू यॉर्कमध्ये सांगितले की, आपण चेहरा पाहिला नव्हता, चालीवरून ओळखतो. पुढे एडिनबरोच्या न्यायालयात तिला चेहराही आठवू लागला. अॅडम्सने मात्र 'याच्यासारखा दिसतो' यापलीकडे एक पाऊलही टाकले नाही. त्या सत्यनिष्ठ मनुष्याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे. स्लेटर आपल्या वकिलाचा सल्ला न मानता आपण होऊन परत आला. अपराधी नाही म्हणूनच परततो, एवढे साधे त्याचे गणित होते. ग्लासगोत त्याला ओळखपरेडीत उभे केले, तेव्हा त्याच्या आजूबाजूस होते ते बहुतेक साध्या वेषातील स्कॉटिश पोलिस. त्या रांगेत परदेशी चेहऱ्याचा मनुष्य एकच होता. पांढऱ्या बगळ्यांत एक कावळा उभा करून 'कावळा ओळखा' म्हणण्यासारखाच हा प्रकार!

स्लेटरचा बचाव होता की, त्या वेळी मी घरी होतो. सात वाजता जेवत होतो. त्याच्या सोबतिणीने आणि घरच्या मोलकरणीने तसे सांगितले. 'त्या वेळी मी अन्यत्र होतो' या बचावाची मोठी शोकांतिका अशी की, माणसाचा खरा दिवस बहुधा त्याच्याच माणसांत जातो आणि त्याच्याच माणसांची साक्ष न्यायालयास हलकी वाटते. संध्याकाळी सात वाजता जो पापभीरू गृहस्थ बायकोमुलांसमवेत ताटावर बसलेला असतो, त्याच्यापाशी तटस्थ साक्षीदार कोठून असावा? पूर्वयोजित गुन्हा करणाराच काय तो आपल्या अनुपस्थितीचे साक्षीदार जमवून ठेवतो! स्लेटरची सोबतीण त्याची विवाहित पत्नी नव्हती. तो जुगारावर आणि जवाहिराच्या किरकोळ देवघेवीवर जगणारा मनुष्य होता. सरकारी वकील अलेक्झांडर यूर यांनी कागदाचा कपटाही हाती न धरता जे घणाघाती भाषण केले, त्यात वस्तुस्थितीच्या अनेक चुका होत्या; पण स्लेटरच्या चारित्र्यावरील चिखल मात्र नेमका बसला. न्यायमूर्ती लॉर्ड गथ्री यांनी ज्यूरीला उद्देशून सांगितले त्याचा आशय असा की, अशा प्रकारच्या मनुष्यास निरपराधित्वाच्या गृहीतकाचा लाभ सामान्य माणसाइतका मिळू शकत नाही. ६ मे १९०९ रोजी पंधरा जणांच्या ज्यूरीतील नऊ जणांनी 'दोषी', पाच जणांनी 'शाबीत नाही' आणि एकाने 'निर्दोष' असे मत दिले. स्कॉटलंडमध्ये बहुमत पुरे होते. दोन मते इकडची तिकडे झाली असती, तर मनुष्य सुटला असता. फाशीची तारीख २७ मे ठरली. वीस हजारांवर लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि फाशीस अवघे दोन दिवस उरले असता शिक्षा जन्मठेपेवर आली. स्लेटरची रवानगी पीटरहेडच्या तुरुंगात, दगड फोडण्यावर झाली.

येथवर जे घडले त्यास चूक म्हणावयाचे की आणखी काही, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु पुढे जे घडले त्याविषयी होऊ शकत नाही. ग्लासगोच्या पोलिस दलात जॉन थॉमसन ट्रेंच नावाचे एक डिटेक्टिव्ह लेफ्टनंट होते. दलात नावाजलेले, १९१४ च्या आरंभी राजाचे पोलिस पदक मिळालेले. या गृहस्थाच्या मनाला एक गोष्ट पाच वर्षे टोचत होती. खुनानंतर दोन दिवसांनी वरिष्ठांनी त्यांना गिलख्रिस्टबाईंच्या भाचीकडे धाडले होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे भाची म्हणाली की, खुनाच्या रात्री लॅम्बी धावत आपल्याकडे आली आणि घरातून बाहेर पडलेला मनुष्य कोण हे तिने नाव घेऊन सांगितले. ते नाव स्लेटरचे नव्हते. स्लेटरची तर तिला ओळखही नव्हती. ट्रेंच यांनी तसा अहवाल दिला आणि तो अहवाल खटल्याच्या उजेडात कधी आलाच नाही.

ट्रेंच यांनी डेव्हिड कुक या वकिलाकरवी हे प्रकरण वर नेले. स्कॉटलंडच्या मंत्र्यांनी लेखी कळविले की, संबंधित अधिकाऱ्याने आपले म्हणणे पाठवावे, त्याचा नीट विचार होईल. ट्रेंच यांस हे पत्र म्हणजे अभय वाटले. १९१४ च्या एप्रिलमध्ये चौकशी झाली खरी; पण ती बंद दाराआड. स्लेटरला किंवा त्याच्या वकिलास तेथे प्रवेश नव्हता आणि साक्षीदारांना शपथ नव्हती. लॅम्बी आणि भाची या दोघींनीही ट्रेंच यांचे म्हणणे नाकारले. त्याच चौकशीत एक किराणा दुकानदार पुढे आला. खुनाच्या रात्री सव्वाआठच्या सुमारास स्लेटर आपल्याच घराच्या दारात स्वस्थपणे उभा असलेला त्याने पाहिला होता. स्लेटरच्या बिऱ्हाडाशी ज्याचे कसलेही नाते नाही, असा हा साक्षीदार. आणि खटल्यात त्याला कोणी साक्षीस उभेच केले नव्हते! निष्कर्ष काय निघाला? शिक्षेत फेरफार करण्यास कारण दिसत नाही.

आणि ट्रेंच यांचे काय झाले? दलातील कागद बाहेर दाखविल्याबद्दल त्यांना सप्टेंबर १९१४ मध्ये बडतर्फ करण्यात आले. ज्यांनी लेखी आश्वासन दिले होते, ते त्यांच्या मदतीस धावले नाहीत. ट्रेंच सैन्यात भरती झाले. १९१५ साली त्यांची पलटण आघाडीवर निघण्याच्या वेळी त्यांना आणि वकील कुक यांना चोरीच्या मालाच्या व्यवहाराच्या आरोपाखाली अटक करण्यात आली. चोरीचा माल मालकास परत मिळवून देण्याच्या कामी त्यांनी मध्यस्थी केली होती, यापलीकडे त्यात काही नव्हते. आरोप इतका पोकळ होता की, न्यायाधीशांनीच ज्यूरीला त्यांची निर्दोष मुक्तता करण्यास सांगितले. परंतु दलातील प्रत्येक तरुण शिपायाला जो धडा द्यावयाचा होता, तो मिळून गेला. १९१९ मध्ये ट्रेंच वारले. ज्याच्यासाठी त्यांनी भाकरी गमावली तो स्लेटर त्या वेळी पीटरहेडला दगडच फोडीत होता.

स्लेटरच्या बाजूने लेखणी उचलणाऱ्यांत विल्यम रफहेड या कायदेपंडिताने १९१० साली खटल्याची समग्र हकीकत छापली, आणि १९१२ साली सर आर्थर कॉनन डॉइल यांनी पुस्तिका लिहिली. शेरलॉक होम्सच्या या जनकाचा असा लढा पहिला नव्हता. त्याआधी १९०७ मध्ये त्यांनी जॉर्ज एदलजी या तरुण वकिलाची बाजू घेतली होती. या जॉर्जचे वडील शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी; ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडमधील एका खेड्यात धर्मोपदेशक झाले होते. जनावरांवर शस्त्र चालविल्याच्या आरोपावरून जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली होती. डॉइल यांनी त्याला एका दृष्टिक्षेपात निर्दोष ठरविले, कारण रात्रीच्या अंधारात शेते तुडवीत जाण्याइतकी दृष्टीच त्या बिचाऱ्याला नव्हती! त्या प्रकरणाच्या गाजावाजाने इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन होण्यास हातभार लागला. पण स्कॉटलंडला ते लागू नव्हते. स्लेटरला अपिलाचा दरवाजाच नव्हता.

१९२५ मध्ये पीटरहेडहून सुटणाऱ्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली आणि डॉइल यांच्या हाती दिली. डॉइल पुन्हा उठले. १९२७ मध्ये विल्यम पार्क यांचे पुस्तक निघाले. ते ट्रेंच यांच्या माहितीवर उभे होते. वृत्तपत्रांनी अमेरिकेत जाऊन राहिलेल्या लॅम्बीला गाठले. तिचे निवेदन प्रसिद्ध झाले की, आपण प्रथम दुसऱ्याचे नाव सांगितले होते. पुढे तिने तेही नाकारले. त्या वेळच्या चौदा वर्षांच्या मुलीने सांगितले की, आपल्याला 'त्याच्यासारखा' एवढेच म्हणावयाचे होते, 'तोच' हा शब्द आपल्या तोंडी घालण्यात आला. 'सारखा' आणि 'तोच'! या दोन शब्दांच्या फटीत एका माणसाची साडेअठरा वर्षे गेली. १४ नोव्हेंबर १९२७ रोजी स्लेटरला सोडण्यात आले. स्कॉटलंडला १९२६ साली अपिलाचे न्यायालय मिळाले होते. जुन्या खटल्यालाही त्याचा आधार मिळावा म्हणून संसदेला खास कायदा करावा लागला. २० जुलै १९२८ रोजी पाच न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली.

परंतु वाचकांनी हे लक्षात घ्यावे की, ती कशामुळे रद्द झाली. साक्षीदारांची ओळख चुकीची ठरली म्हणून नव्हे, पोलिसांनी कागद दडविले म्हणून नव्हे, तर लॉर्ड गथ्री यांनी चारित्र्याविषयी ज्यूरीला चुकीचे मार्गदर्शन केले, एवढ्याच कारणाने. सत्य पुढच्या दाराने आले नाही. त्याला मागच्या दाराने घ्यावे लागले. सरकारने सहा हजार पौंड दिले. त्या पैशांतून अपिलाचा खर्च कोणी सोसावा यावरून स्लेटर आणि डॉइल यांचे बिनसले ते कायमचेच. अन्यायाने घडविलेली माणसे नेहमी कृतज्ञ आणि गोड असतात असे नाही. पण न्याय हा गोड माणसांसाठी राखून ठेवलेला प्रसाद नव्हे. स्लेटर १९४८ साली वारला. गिलख्रिस्टबाईंच्या खुन्याला शासन कधीच झाले नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रांपलीकडच्या या गोष्टीचे आम्हांला काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी स्कॉटलंडहून नाशिकला यावे. जून २००३ मध्ये एका शेतातील झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर पाशवी अत्याचार झाले. त्यातून वाचलेल्या एका जखमी मातेने दोन दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार इसम ओळखले. ते नोंदीतले गुन्हेगार होते. त्या चौघांचे पुढे काय झाले? काहीच नाही. खटला उभा राहिला तो भटक्या जमातीतील सहा वेगळ्याच माणसांवर. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने, फेरविचारात तो निकाल मागे घेऊन, ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष मुक्त केले! त्यांतील एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झाले होते.

आम्ही त्या मातेला दोष देत नाही. तिच्या डोळ्यांनी जे पाहिले ते कोणाच्याही डोळ्यांना पाहावे लागू नये. आणि तिने आधी चौघांना ओळखले होते, ही गोष्ट तिने लपविली नव्हती. दंडाधिकाऱ्यांपुढे तिची नोंद झाली होती. ती नोंद न्यायासनापुढे ठेवण्याचे कर्तव्य ज्यांचे होते, त्यांनी ती ठेवली नाही. ग्लासगोत ट्रेंच यांचा अहवाल आणि नाशकात छायाचित्रांची ही नोंद! दोन खंड, दोन शतके, दोन कायदे; पण दप्तर बांधण्याची गाठ एकच. सर्वोच्च न्यायालयाने तपासाच्या या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले, दोषी अधिकाऱ्यांवर खात्यामार्फत कारवाई करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षांचा कारावास धरला, तर हा हिशेब दिवसाला सुमारे शहाऐंशी रुपयांचा होतो. त्यातील बराच काळ फाशीच्या छायेत गेला, त्याची किंमत या हिशेबात धरलेली नाही. ती धरता येतही नाही.

डोळ्यांची साक्ष किती ठिसूळ असते, हे शास्त्राने पुष्कळ आधीच सांगितले आहे. गिलख्रिस्टबाईंचा खून झाला त्याच १९०८ साली ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाचे साक्षीदारांच्या स्मृतीवरील पुस्तक निघाले होते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग केला. मोटारींच्या टकरीचे एकच चित्र पाहिलेल्या लोकांना प्रश्नातले क्रियापद बदलून विचारले. मोटारी 'एकमेकींस लागल्या' म्हटले तर वेग कमी आठवला, 'एकमेकींवर आदळून चुरल्या' म्हटले तर अधिक आठवला. आणि नसलेल्या फुटक्या काचाही काहींना आठवल्या. स्मृती ही पेटीत जपून ठेवलेली तसबीर नव्हे. प्रत्येक वेळी बाहेर काढताना ती थोडी पुन्हा रंगविली जाते, आणि रंगविणाराच्या हातात पोलिसांनी दाखविलेल्या छायाचित्राचा रंग असतो. अमेरिकेत डीएनए चाचणीने जे पावणेचारशेच्या आसपास बंदी निर्दोष ठरले, त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक प्रकरणांत प्रत्यक्षदर्शींची ओळख चुकली होती.

आपल्या कायद्याला हे अगदीच अज्ञात आहे असे नाही. ओळखपरेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे, न्यायालयात पटविलेल्या ओळखीला ती केवळ पुष्टी देते, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. 'अन्यत्र होतो' या बचावाला १८७२ च्या पुरावा कायद्याने स्थान दिले होते. त्यातील दाखला असा की, गुन्हा कलकत्त्यास घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरास होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने कलकत्त्याच्या जागी चेन्नई आणि लाहोरच्या जागी लडाख घातले. गावे बदलली, ठीक झाले. पण लडाखला असल्याचा पुरावा पोलिसांच्याच हाती आला आणि त्यांनी तो दाबला, तर काय? याचे नि:संदिग्ध उत्तर या नव्या गावांच्या नावांत सापडत नाही.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत, आणि त्या कोणाही सुबुद्ध नागरिकास मान्य व्हाव्यात. पहिली ही की, तपासात जमलेला प्रत्येक जबाब व प्रत्येक ओळख, मग ती सरकार पक्षाला सोयीची असो वा अडचणीची, तिची यादी आरोपीस मिळालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये आखून दिलेल्या नमुना नियमांत हे तत्त्व आहे. ते प्रत्येक सत्र न्यायालयात नित्याचे झाले पाहिजे. दुसरी, साक्षीदाराला छायाचित्र दाखविले असेल, तर ते केव्हा, कोणी आणि कितींतून दाखविले याची नोंद झाली पाहिजे. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे, ती सबंध चित्रित व्हावी, आणि रांगेतील माणसे खरोखर सारखी दिसणारी असावीत. तिसरी, आरोपीने आपण अन्यत्र असल्याचे सांगताच त्याची तपासणी पोलिसांनीच तातडीने करावी. हल्ली रस्त्यारस्त्यांवर कॅमेरे आहेत, परंतु त्यांतील चित्रे थोड्या दिवसांत आपोआप पुसली जातात; तुरुंगातला मनुष्य ती कशी जपून ठेवणार? चौथी, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळणे ही न्यायाधीशांच्या दयेची नव्हे, हक्काची गोष्ट व्हावी. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. आणि पाचवी, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही की, दप्तरातील सत्य न्यायालयापर्यंत नेणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्याचे कवच मिळावे. प्रत्येक दलात एखादा ट्रेंच असतोच. त्याला बडतर्फ होऊ दिले, की उरलेले मुके होतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. इतकी बंधने घातली, तर गुन्हेगार सुटतील. आणि मृतांच्या आप्तांनी न्याय कोणाकडे मागावा? हा आक्षेप भावनेने खरा आणि तर्काने खोटा आहे. ग्लासगोत निरपराध आत गेला, म्हणून खुनी बाहेर राहिला. नाशिक प्रकरणात चौघांचा तपास झाला नाही, खरे अपराधी मोकळे राहिले, याची दखल खुद्द न्यायालयाने घेतली. निरपराधाला डांबणे आणि अपराध्याला सोडणे ही दोन वेगळी पापे नाहीत. ती एकाच पापाची दोन अंगे आहेत. त्या झोपडीतील मृतांचा विश्वासघात आरोपींच्या वकिलांनी केला नाही, फेरविचाराच्या अर्जाने केला नाही. ज्या दिवशी चार छायाचित्रे दप्तरात दडली, त्याच दिवशी तो झाला.

डोळा चुकणारच, कारण तो माणसाचा आहे. न्यायाधीशही चुकतील, नाशिक प्रकरणात तीन पायऱ्यांवरचे न्यायाधीश चुकले आणि चौथ्या वेळी त्यांच्यातीलच काहींनी ती चूक दुरुस्त केली, याबद्दल त्या न्यायपीठाचे ऋण मान्य केले पाहिजे. पण अशी दुरुस्ती शक्य होते ती कागद शिल्लक असला तर आणि तो बघू दिला तर. सोळा वर्षांनी हाती आलेला कागद जर पहिल्याच दिवशी न्यायासनापुढे ठेवला गेला असता, तर फाशीची वेळच आली नसती. तो कागद पहिल्या दिवशीच पुढे आला पाहिजे, आणि जो तो दडवील त्याला शिक्षा झाली पाहिजे. सरकारने याहून कमी काही देऊ नये, आणि नागरिकांनी याहून कमी काही स्वीकारू नये.